हातभर अंतर

सावळीरामकाका लासलगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारायचे. पहिला शब्द टाकून थांबायचे, छातीभर श्वास घ्यायचे आणि उरलेलं सगळं एका दमात. तेवढ्या थांबण्यात लांबचे व्यापारीही मान वर करायचे.

आता ते नाशिकच्या दवाखान्यात वाचा-उपचार करणाऱ्या तेजश्रीसमोर बसले होते. कर्करोगामुळे स्वरयंत्र काढलेलं. श्वास गळ्याच्या भोकातून चालायचा. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये एक बारीक झडप बसवली होती. अंगठ्यानं भोक झाकून श्वास सोडला की हवा झडपेतून पलीकडे जाणार, अन्ननलिकेची भिंत थरथरणार आणि आवाज उमटणार. उमटत मात्र नव्हता.

शेजारी त्यांच्या पत्नी कुसाबाई होत्या. काचबिंदूनं त्यांची नजर गेलेली. खाणाखुणा, पाटीवरची अक्षरं त्यांच्या कामाची नव्हती.

"टाळी वाजवत्यात अन् मी उठते," त्या म्हणाल्या. "पाणी का भाकर, इचारलं तर परत टाळीच. आरतीला उभी केलीय जणू मला."

काका हसले. बिनआवाजाचं ते हसू काकूंपर्यंत पोचलं नाही. काकांनी पुन्हा भोक झाकलं, जोर लावला. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. काहीच नाही.

तेजश्रीच्या लक्षात आलं. ते अजून आख्ख्या बाजाराला पुरेल एवढा श्वास लोटत होते.

"काका, इतका दाब आला की ती भिंत आवळून बसते. हवेला वाट मिळत नाही. बाजार सोडा. काकू हातभर अंतरावर आहेत."

काकांनी बायकोकडे पाहिलं. खांदे सैल सोडले. अंगठा हलकेच टेकवला.

"कुसा."

जाड, खरखरीत, खालच्या पट्टीतला आवाज.

कुसाबाई दचकल्या. "कोन बोललं?"

"काकाच," तेजश्री म्हणाली.

"नाय. ह्यो यांचा आवाज नाय."

जुना आवाज परत येणार नव्हता, आणि हे काकूंना कोणी सांगितलं नव्हतं.

काकांनी अंगठा पुन्हा टेकवला.

"कुसा..." ते थांबले. अंगठा उचलून भोकातून श्वास आत घेतला, पुन्हा झाकलं. "रुसून बसायची तुझी खोड जायची नाय."

कुसाबाईंचा हात चाचपत त्यांच्या छातीवर आला. बराच वेळ तो तिथं श्वासाबरोबर वरखाली होत राहिला.

"आवाज परका हाय, ताई," त्या म्हणाल्या. "दम घ्यायची जागा यांचीच."

मग नवऱ्याकडे वळून, "बोला. आता टाळी नगं."