‘धन्यवाद’च्या मागची स्लाइड

मी एक स्लाइड बोलतेय. आज भाषणात माझा नंबर दुसरा आहे, शीर्षकाच्या मागोमाग, अगदी मानाचा. पण माझा हा थाट बघून भुलू नका. ज्या दिवशी मी पडद्यावर असायला हवी होते, त्या दिवशी मी ‘धन्यवाद’ लिहिलेल्या स्लाइडच्या मागे दडवलेली होते. ‘धन्यवाद’ दिसलं की लोक टाळ्या वाजवतात, खुर्च्या सरकवतात आणि चहाच्या टेबलाकडे निघतात. त्याच्या मागे काय आहे हे बघायला कोण थांबतंय?

माझी मालकीण संशोधक आहे. मेंदूचा झटका आल्यावर ज्यांचे शब्द हरवतात, अशा माणसांवर ती काम करते. या माणसांना समोरची वस्तू कळते, तिचा उपयोग कळतो, पण नाव काही केल्या तोंडात येत नाही. हा विषय तिला पुस्तकात सापडलेला नाही. तिची आई दिवसभर कामावर असायची, म्हणून ती लहानपणी मावशीकडे वाढली. त्याच मावशीचे शब्द एका सकाळी गेले.

माझा जन्म मावशीच्या एका कागदातून झाला. दवाखान्याच्या खोलीत मालकिणीने तिच्यासमोर एक फोटो ठेवला होता. किटलीचा.

“हे काय आहे, मावशी?”

“ती... अगं ती... आपली ती...” मावशी चिडली. मग तिने पेन्सिल ओढून घेतली. उजवा हात तेव्हा साथ देत नव्हता, म्हणून डाव्या हाताने ती काढत बसली. आधी किटली काढली. मग शेगडी, शेगडीमागची खिडकी, खिडकीतलं फडकं. शेवटी कागदाच्या उजव्या कडेला काहीतरी खरडलं, पेन्सिल ठेवली आणि स्पष्ट म्हणाली, “किटली.”

मालकिणीचे डोळे भरून आले. त्या गडबडीत तिने कागदाकडे नीट पाहिलंच नाही. पण तिच्या सगळ्या संशोधनाची कल्पना तिथेच सुचली. वस्तूकडे टक लावून शब्द येत नाही. वस्तूभोवतीचं घर काढू दिलं, तर तो येतो. पुढे कितीतरी रुग्णांवर तिने हे तपासलं आणि ते खरं ठरलं.

कागद स्कॅन झाला, स्लाइडवर चढला आणि मी झाले. मालकिणीने मावशीला विचारलं, “मोठ्या सभेत दाखवू का गं तुझं चित्र?”

मावशीने मान डोलावली. “दाखव. मी... येते.”

तेवढ्या शब्दांसाठी तिला किती कष्ट पडले ते मी पाहिलंय. परिषदेला अजून बराच अवकाश होता, तरी तिने कपाटातून साडी काढून खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवली होती.

मग सुरू झाली माझी रंगरंगोटी. विभागातल्या छोट्या खोलीत सरावाचं भाषण ठरलं. श्रोते दोनच, मालकिणीचे मार्गदर्शक सर आणि तिची मैत्रीण. या मैत्रिणीला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी बसतच नाही. तेव्हाही ती उभ्यानेच बिस्किटं खात होती.

सर माणूस भला. त्यांचं बोलणंही चुकीचं नव्हतं. “एका स्लाइडवर एकच मुद्दा ठेव,” ते म्हणाले. “अक्षर मोठं, रंग दोनच. लोक वाचत बसले तर तुझं ऐकणार कधी?” मालकिणीने मान डोलावली आणि ठरावीक ठशाच्या स्लाइड्स केल्या. सगळ्याजणी एकसारख्या, निळ्या पट्टीच्या, इस्त्री केलेल्या गणवेशासारख्या. त्यांच्यात मीच तेवढी पिवळट कागदाची आणि वाकड्या रेघांची.

“हिचं काय करायचं?” भिंगरीने माझ्याकडे बोट दाखवलं. “छान आहे गं, पण घरगुती वाटते.”

घरगुती. अहो, मी घरातूनच तर आले होते.

मालकिणीने मला सुधारायला घेतलं. पिवळटपणा घालवून कागद पांढराफेक केला, वर निळी पट्टी चढवली. किटली मधोमध आणली. उजवी कड नीट दिसत नव्हती, तिथे पेन्सिलची काहीतरी खरड होती. तिला वाटलं हात थरथरला असेल. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. तिने ती कड कापली आणि फाइल त्याच नावाने सेव्ह केली, म्हणजे जुनी पुसली गेली. मूळ कागद इतर रुग्णांच्या गठ्ठ्यात गेला होता. अभ्यास संपल्यावर नियमाप्रमाणे तो गठ्ठा यंत्रात घालून त्याच्या चिंध्या करण्यात आल्या होत्या.

एवढं नटवूनही मी शोभेना. दुसऱ्या सरावात मी आलेख आणि निष्कर्ष यांच्यामध्ये गेले. तिसऱ्यात सर म्हणाले, “वेळ पुरत नाहीये. ही मागे ठेव, कुणी विचारलं तर दाखव.” विद्वानांची ही एक रीतच आहे. जे बोलता येत नाही ते ‘धन्यवाद’च्या मागे साठवून ठेवायचं, प्रश्नाची वाट बघत. शिवाय सारखी मध्ये येऊ नये म्हणून मालकिणीने माझ्यावर ‘लपवा’ अशी खूण केली. तिला वाटलं, लागली तर काढू.

आयोजकांनी फाइल आधी मागवली होती. “पीडीएफ करून पाठव,” भिंगरी म्हणाली. “दुसऱ्याच्या मशीनवर अक्षरं इकडची तिकडे होतात.” सल्ला शहाणपणाचा होता. पण पीडीएफ करताना लपवलेली स्लाइड बरोबर जात नाही, हे दोघींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही. बाकीच्या सगळ्याजणी परिषदेला गेल्या आणि मी एकटी घरच्या कॉम्प्युटरवर राहिले.

पुढचं मला ऐकून माहीत आहे. भिंगरीने ते नंतर इतक्यांदा सांगितलं की मी तिथे होते असंच मला वाटतं.

मावशी तिसऱ्या रांगेत बसली होती, तीच साडी नेसून. भाषण देखणं झालं. आलेख एकामागून एक सरकत होते आणि मावशी प्रत्येक स्लाइड बदलताना पुढे झुकायची. ‘धन्यवाद’ आलं तेव्हाही ती झुकलेलीच होती. मग एक वयस्कर डॉक्टर उठले.

“आकडे पटले,” ते म्हणाले, “पण ही माणसं नेमकं काय काढतात? एखादं चित्र बघायला मिळेल का?”

“आहे ना,” मालकीण हसून म्हणाली आणि तिने पुढचं बटण दाबलं. पडदा काळा झाला. तिने परत दाबलं. मागे गेली, पुढे आली. ‘धन्यवाद’, काळा पडदा, ‘धन्यवाद’, काळा पडदा. सूत्रसंचालक घड्याळाकडे बघू लागले. शेवटी ती म्हणाली, “माफ करा, मी आपल्याला मेलवर पाठवते.” टाळ्या चांगल्या पडल्या.

बाहेर पडताना मावशीने तिचा दंड धरला. “माझं?” एवढंच विचारलं.

“वेळ संपला गं, मावशी.”

मावशीने मान डोलावली. तिने पुन्हा तो विषय काढला नाही. पुढच्या भाषणाचं आमंत्रण आलं तेव्हा म्हणाली, “तू जा.” मालकिणीने हट्ट केला, गाडी घेऊन येते म्हणाली. मावशी टीव्हीकडे बघत राहिली.

मला वाईट याचं वाटतं की मी काही बिघडले नव्हते, हरवलेही नव्हते. एका क्लिकच्या अंतरावर होते. ज्या एका बाईसाठी मी जन्मले, तिच्यासमोर मात्र मी नव्हते.

मालकिणीला हे खात राहिलं. एका दुपारी ती लॅपटॉप घेऊन मावशीच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसली. माझ्यावरची ‘लपवा’ची खूण काढली आणि मला पडदाभर उघडलं. “मावशी, वेळ संपला नव्हता. मीच ही मागे लपवली होती. चुकलंच माझं.”

मावशीने चष्मा लावला. एव्हाना तिचं बोलणं बरंच सुधारलं होतं. ती माझ्याकडे पुष्कळ वेळ बघत होती. मला वाटलं, आता हसेल. तिचं बोट किटलीवरून शेगडीवर गेलं, खिडकीवर गेलं आणि उजवीकडे पांढऱ्या रिकाम्या जागेत येऊन थांबलं.

“इथली कुठे गेली?”

“कोण इथली?”

“तू. स्टुलावर. चहा होईपर्यंत पाय हलवत बसायचीस.” मावशीने बोट तिथेच टेकवलं. “तुला काढलं, मग नाव आलं.”

मालकिणीचा हात तोंडावर गेला. मग तिने कोरा कागद आणि पेन्सिल पुढे सरकवली. “परत काढशील का? तेवढाच कोपरा.”

मावशीने पेन्सिल हातात घेतली, फिरवून पाहिली आणि खाली ठेवली. “आता कशाला? आता येतं की.” आणि आतल्या ओट्याकडे बघून सहज म्हणाली, “किटली.”

मालकीण रडली. मावशीने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि चहा टाकायला उठली.

तेव्हापासून मी दुसऱ्या नंबरवर आहे. माझा पांढरा रंग, माझी निळी पट्टी तशीच आहे. जे गेलं ते परत आणायला मूळ प्रतच उरलेली नाही. स्लाइड्स करणाऱ्यांनो, आम्हाला खुशाल नीटनेटकं करा, आमची त्याला ना नाही. फक्त कड कापण्याआधी, ज्याने ती काढली त्याला एकदा विचारा, ही खरड कशाची म्हणून.

परवा नव्या भाषणाचा सराव झाला. मी पडद्यावर आले आणि सर खूश झाले. “उजवीकडे मोकळी जागा छान सोडली आहेस,” ते म्हणाले. मालकीण माझ्या त्या कोपऱ्याकडे बघत उभी राहिली आणि तिने पुढचं बटण दाबलं.