वस्तऱ्याखालचा प्रश्न

आमचे हे न्हावी. हात इतका हलका, की दाढी करता करता गिऱ्हाईक घोरायला लागायचं. पण सहा महिन्यांपूर्वी ह्यांच्या अंगात देवाच्या सेवेचा उत्साह संचारला आणि सगळ्यांची झोप उडाली.

गालाला साबण लागला, वस्तरा गळ्यापाशी आला, की हे मोठ्या प्रेमाने विचारायचे, "दादा, आत्ता या क्षणी मेलात, तर कुठे जाल?"

आता सांगा, माणसाने काय उत्तर द्यावं? शेजारचा शिंपी अर्ध्या दाढीनिशी पळाला, तो गळ्यातला टॉवेलही घेऊन गेला. पोस्टमन पत्रं बाहेरूनच फेकू लागला. मी म्हटलं, "अहो, वस्तरा खाली ठेवून तरी विचारा." तर म्हणे, "तुझा विश्वास कमी पडतोय." आरशाच्या वर बायबलमधल्या दहा आज्ञांची पाटी, तीही स्वतःच्या हाताने रंगवलेली.

दुकानामागच्या खोलीत माझे सासरे. दुकान त्यांनीच थाटलेलं, पण आता हात थरथरतात. ते एकदाच बोलले, "बाळा, आधी दाढी नीट कर, मग स्वर्ग दाखव." झालं! बाप देवाच्या कामात खोडा घालतोय म्हणून ह्यांनी जो अबोला धरला, तो दीड महिना. जगाच्या दाढ्या करायला हे तयार, आणि बापाची दाढी बोटभर वाढलेली. मी दुसरा न्हावी बोलावते म्हटलं, तर म्हातारा उसळला, "पोराचं दुकान असताना? चार लोकांत माझं नाक कापायचंय का?"

रविवारी आमच्या लेकीचा बाप्तिस्मा होता. तिला आजोबांनीच हातावर घ्यावं असं मला फार वाटत होतं. पण ते म्हणाले, "या अवतारात मी येणार नाही, सूनबाई." मला रडूच कोसळलं.

शनिवारी सकाळी, एरवी घरीच दाढी करणारे आमच्या चर्चचे पाळकसाहेब दुकानात आले. मी मुद्दाम मधला पडदा सारून ठेवला. आरशात पाठीमागे सासरे स्वच्छ दिसू लागले.

ह्यांनी साबण लावला, वस्तरा उचलला आणि सवयीने तोच प्रश्न विचारला.

पाळकसाहेब हसले. "माझं जायचं ठिकाण ठरलेलं आहे. तू जरा पाटीवरची पाचवी आज्ञा वाच."

"आईबापाचा मान..." हे वाचू लागले. तेवढ्यात आरशात बाप दिसला आणि ह्यांनी वस्तरा खाली ठेवला.

"मी थांबतो," पाळकसाहेब म्हणाले. "साबण वाळला तर वाळू दे."

हे आत गेले. सासऱ्यांना हाताला धरून आणलं, दुसऱ्या खुर्चीत बसवलं. "चुकलो, बाबा," एवढंच म्हणाले, आणि माझेच डोळे आधी भरून आले. मग गरम पाण्यात पिळलेला टॉवेल, भरपूर फेस, आणि तोच जुना हलका हात. दुकानात फक्त वस्तऱ्याची खरखर.

वस्तरा गळ्यापाशी आला तेव्हा सासऱ्यांनी एक डोळा उघडला. "काय रे, मला नाही विचारणार? आत्ता मेलो तर कुठे जाईन?"

"कुठ्ठे जायचं नाही, बाबा," हे म्हणाले. "उद्या नातीला घ्यायचंय. आणि हलू नका, लागेल."

पाळकसाहेबांना हसू आवरेना. वाळलेल्या साबणाचे पोपडे पार शर्टावर पडले. आणि सहा महिन्यांनी पहिल्यांदाच आमच्या दुकानात खुर्चीत बसून कुणीतरी घोरायला लागलं.