अकरा मदतनीस

फाटकावरची घंटा दोनदा वाजली आणि मावशी हातातलं काम टाकून ताडकन उठली.

"उठा गं बायांनो, उठा! आले सरकारी पाहुणे. ए पैलवाना, इकडे ये, माझ्या स्टुलावर बस. आणि तोंडातली तंबाखू आधी थुंकून ये मेल्या!"

अकरा बायका उठल्या. ट्रकमध्ये माल चढवणारे, रंग मारणारे, खोकी बांधणारे, हाताला लागतील ते अकरा गडी पॅन्टीला हात पुसत आत आले आणि त्यांच्या स्टुलांवर बसले. बायका त्यांच्या शेजारी तारेची रिळं धरून उभ्या राहिल्या. दोन मिनिटांत सगळं जिथल्या तिथे.

कारखाना पंपाच्या मोटरींचा. मोटरीच्या पोटात लोखंडी कडं असतं, त्याच्या खाचांत तांब्याची बारीक तार भरायची. एक फेरा कमी-जास्त झाला, तार जरा खरवडली, की मोटर जळालीच म्हणून समजा. हे नाजूक काम पहिल्यापासून बायकाच करत. कागदावर मात्र त्या सगळ्या मदतनीस होत्या आणि कारागीर होते ते हे गडी. कारागिराला पगार दीडपट. का, तर म्हणे पुरुषमाणसाला घर चालवायचं असतं. बायका काय घर सांभाळायला शेजाऱ्यांकडे देऊन कामावर येत होत्या? पण हे विचारणार कोण!

आणि ही अदलाबदल कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली होती? मावशीच्याच. खूप वर्षांपूर्वी एकदा असाच तपासणीवाला अचानक आला, मालकांचा चेहरा पांढराफटक पडला. कारखाना बंद झाला तर पदरातल्या तान्ह्या लेकीला काय घालू, या एकाच भीतीनं मावशीनं समोरच्या हमालाला खेचून आपल्या जागी बसवलं होतं. मालक नंतर म्हणाले होते, "मावशी, तुमच्या डोक्याला तोड नाही." त्या एका वाक्यावर मावशी आठ दिवस हवेत होती. आता ते आठवलं की तिच्या अंगावर काटा येई. पण घंटा वाजली की ती उठेच.

आजची गोष्ट जरा वेगळी होती. काल मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं होतं. चक्क खुर्ची दिली होती.

"कुणीतरी अर्ज केलाय वर. बायकांना कमी पगार देतो म्हणून. उद्या तपासणी आहे. नीट पार पाडा मावशी, परवापासून तुमचं नाव कारागिरांत घालतो. बायकांतलं पहिलं नाव."

बावीस वर्षं ज्या शब्दाकडे ती लांबून बघत होती, तो असा सहज समोर आला. मावशीनं मान डोलावली. घरी लेकीला मात्र तिनं काही सांगितलं नाही. लेक आता तिच्याच शेजारच्या स्टुलावर काम करायची. हात आईपेक्षाही सफाईदार, आणि जीभही.

तपासायला आलेली अधिकारी तरुण बाई होती. चष्मा, हातात फाईल, पायात साध्या चपला. ती थेट पैलवानासमोरच थांबली.

"या कड्यात किती फेरे भरता तुम्ही?"

पैलवान घामाघूम झाला. एरवी एकटा दोन पंप खांद्यावर टाकणारा गडी, पण त्याच्या चिमटीतून तार सारखी निसटत होती. "फेरे ना... भरपूर भरतो मॅडम."

"बासष्ट," मावशी पुटपुटली.

अधिकारी बाई वळली. "तुम्हाला कसं माहीत?"

"बावीस वर्षं यांना तार देते मॅडम. ऐकून ऐकून पाठ झालंय."

दोघीतिघी खुदकन हसल्या. अधिकारी बाईही हसली असती, पण तिची नजर मावशीच्या बोटांवर गेली. तारेनं कापून कापून शेंड्यांवर काळ्या रेघा पडलेली बोटं. मावशीनं हात पाठीमागे घेतले.

तेवढ्यात लेक पुढे आली.

"मॅडम, हे सगळं खोटं आहे. तार आम्ही भरतो. ही माणसं माल चढवणारी आहेत. अर्ज मीच केलाय. बसू का? भरून दाखवते."

दारात उभे असलेले मालक मावशीकडे बघत होते. अधिकारी बाईही मावशीकडे बघत होती. आणि लेक, ती तर अगदी निर्धास्तपणे आईकडे बघत होती. आता आई माझ्या बाजूनं बोलणार, याची तिला एवढी खात्री होती की तिनं हसून मान जरा हलवली सुद्धा.

"माझीच पोरगी आहे मॅडम," मावशी म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "मधल्या सुट्टीत गड्यांच्या मागे लागून चार फेरे शिकलीय. कारागीर व्हायची घाई झालीय तिला. उगाच मोठेपणा सांगते. मनावर घेऊ नका."

"आई?"

मावशीनं वर पाहिलं नाही.

अधिकारी बाईनं बाकीच्या बायकांना विचारलं, "काय हो, खरं काय आहे?"

त्यांनी मावशीच्या खाली घातलेल्या मानेकडे पाहिलं. मग एकजण म्हणाली, "मावशी सांगतात तेच." दुसरी म्हणाली, "हो, तेच." अधिकारी बाईनं पुन्हा एकदा मावशीच्या पाठीमागे लपवलेल्या हातांकडे पाहिलं. मग तिनं फाईलमध्ये काहीतरी लिहिलं आणि निघून गेली. ती गेल्यावर पैलवान स्टुलावरून उठला आणि कुणाकडेही न बघता बाहेर गेला.

संध्याकाळी घरी लेकीनं रोजच्यासारखं पाणी भरलं, कपड्यांच्या घड्या केल्या, दोघींची ताटं वाढली.

"तुझी नोकरी वाचवली मी," मावशी म्हणाली. "अर्ज तू केलास म्हटल्यावर काढूनच टाकलं असतं तुला. मी मालकांच्या पाया पडले नंतर, माहितीय?"

"बरं."

"नुसतं बरं काय? तुझ्यासाठीच केलं ना सगळं?"

"हो आई. जेव."

तिनं भांडायला हवं होतं, दोन ताटं आपटायला हवी होती, चार वाकडे शब्द बोलायला हवे होते. तसं झालं असतं तर मावशीलाही तोंड उघडता आलं असतं. पण लेक मुकाट्यानं जेवली आणि मावशी मात्र ताटातला भात चिवडत राहिली. कारागिराचं तर तिनं अजून सांगितलंच नव्हतं. आता ते सांगायचं कसं, आणि कुठल्या तोंडानं?

सांगायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी सगळ्यांच्या देखत तिच्या हातात कागद ठेवला. "टाळ्या वाजवा! आपली पहिली बाई कारागीर." टाळ्या वाजल्या, पण तुरळक. मावशीची नजर लेकीला शोधत होती.

लेक आपल्या स्टुलाजवळ उभी होती. तिनं पैलवानाला हाक मारली.

"दादा, बसा इथे."

"अगं, त्या मॅडम कालच गेल्या ना?"

"गेल्या. पण मी मदतनीस आहे. मला तार भरता येत नाही. काल सगळ्यांसमोर ठरलंय ते."

ती रीळ धरून उभी राहिली. पैलवान डोकं खाजवत तिथेच घुटमळला. मग जिनं काल "मावशी सांगतात तेच" म्हटलं होतं, ती उठली. तिच्यामागून दुसरी उठली. एकेक करत दहाही जणी उभ्या राहिल्या, हातात तारेची रिळं घेऊन.

मालक धावत आले. "हा काय पोरखेळ लावलाय? ट्रक यायचाय दुपारी! मावशी, सांगा यांना. तुमचं ऐकतात त्या."

खरंच ऐकायच्या. एवढी वर्षं तिच्या एका हाकेवर उठल्या होत्या, एका हाकेवर बसल्या होत्या. मावशीनं तोंड उघडलं. 'बसा गं' एवढे दोनच शब्द. लेकीकडे न बघता ते म्हणता आले असते, पण लेक तर बरोबर समोरच होती. मावशीनं तोंड मिटलं. कागदाची घडी केली, पुन्हा केली. लाजेनं तिला सगळ्यांसमोर उभं राहवेना, म्हणून ती आपल्या स्टुलावर बसली. त्या लांबलचक खोलीत तेवढी एकटीच बसलेली होती.

कारागिराला तार द्यायला मदतनीस लागतो. लेक तिच्याजवळ आली, शेजारी उभी राहिली आणि तारेचं टोक तिच्यापुढे धरलं.

"घ्या मावशी," ती म्हणाली.