न टोचलेली टाचणी

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. पण शाळेतला नव्हे. माझ्या अंगावर खडू चालत नाही, टाचण्या टोचल्या जातात. दक्षिण आफ्रिकेतल्या एका अभयारण्याच्या मुक्कामतळावर, दुकानाच्या व्हरांड्यात मी टांगलेला आहे. एका सुताराने मला घडवले, माझ्यावर जंगलाचा नकाशा डकवला आणि तो निघून गेला. तेव्हापासून जो येतो तो मला टोचतो. सिंह दिसला की पिवळी टाचणी, हत्तीला निळी, बिबट्याला लाल. गेंड्याची काळी असे.

खरे सांगू? मी आजवर एकही सिंह पाहिलेला नाही. पाहुणे टाचणी टोचतात, 'इथं, इथं!' म्हणून ओरडतात आणि थंड पेय प्यायला पळतात. सिंह जांभई कशी देतो, हत्तीच्या अंगाला वास कसला येतो, हे मला कुणीच सांगत नाही. ऐकण्यासाठी जीव नुसता कासावीस होतो. हल्ली तर कुठे काय दिसले ते पुष्कळ जण मोबाइलमध्येच बघतात. माझा एक कोपरा वाळवीने खाल्ला, तेही कुणाच्या लक्षात आले नाही.

एका दुपारी मिसावेनी आजी आपल्या मुलीच्या गाडीतून फिरून आली. कुंपणापलीकडच्या गावात तिचा सारा जन्म गेलेला. हत्तींनी तिचा मका कितीदा तुडवला, पण पाहुणी म्हणून फाटकातून आत येण्याचा हा पहिलाच दिवस. तिचा धाकटा भाऊ हसानी पूर्वी याच तळावर स्वयंपाकी होता. सिंहांच्या गप्पा मारून मारून त्याने आयुष्यभर तिचे डोके खाल्ले होते. आज गुडघा दुखतो म्हणून तो अंगणातच निखाऱ्यांवर मांस भाजत बसला होता.

"काय गं ताई, हरणंच ना?" तो लांबूनच ओरडला.

आजी तडक माझ्याकडे आली आणि टाचण्यांची डबी चाळू लागली. "काळी कुठाय गं?" तिने झाडणाऱ्या ह्लेकानीला विचारले.

ह्लेकानीचा झाडू थांबला. "हळू बोला, कोक्वाना आजी. काळ्या कधीच काढून टाकल्यात. गेंडा कुठं दिसला ते आता सांगायचं नाही. शिंगं चोरणाऱ्यांनाही नकाशा वाचता येतो."

"अगं, पण पिल्लू होतं बरोबर! हसानीला खरं वाटायला नको? दुसऱ्या रंगाची तरी लावू दे."

"पिल्लू आहे, म्हणून तर नको."

तेवढ्यात चिमटा हातात घेऊन हसानी लंगडत आला. "बोल की! म्हातारी झालीस, आता तरी जंगलानं तुला काही दाखवलं की नाही?"

व्हरांड्यातल्या अनोळखी माना वळल्या. कोण कशासाठी आले आहे, कुणाला ठाऊक? मी लाकडाचा असून घाबरलो. आजीच्या ओठांवर तो गेंडा अगदी येऊन थांबला होता.

"हरणं," ती म्हणाली. "आणि एका माकडानं माझं केळं पळवलं."

"केळं!" हसानी पोट धरून हसला. "एवढ्या लांब जाऊन माकडाला जेवू घालून आली!" सगळा व्हरांडा हसला. आजीही हसली, पण तिचे डोळे भरून आले होते. मला तिचा फार अभिमान वाटला.

सगळे जेवायला गेले तशी ती परत आली. माझ्या वाळवी लागलेल्या कोपऱ्यावर हात ठेवून कुजबुजली, "कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला घास गिळायचा नाही रे. तू ऐक. आई गवत खात होती ना, तर जुनं कापड फाडल्यासारखा आवाज येत होता. तिचे कान एक इकडं, एक तिकडं. आणि ते पिल्लू, बाई बाई, आईच्या पुढं पुढं मिरवत निघालं, अन् एक पाखरू उडालं तर घाबरून पार तिच्या पोटाखाली!"

मित्रांनो, इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा एक जनावर पाहिले!

तुम्हीही जंगलात जाल. डोळे भरून बघा. माझ्यासारखा जुना फळा भेटला तर नुसते टोचून जाऊ नका, काय पाहिले ते दोन शब्दांत सांगा. पण काही ठिकाणे पोटातच ठेवा. ते पिल्लू कुठे होते, असे विचाराल, तर आजीने ते मलासुद्धा सांगितले नाही.