कडूबाईच्या पानावरची माणसं

या, जरा पुढं सरका. तिकडं भिंतीला टेकून बसलात तर अर्धी गोष्ट भिंतच ऐकायची. आज सांगायचंय ते एका कीर्तनकार बाईचं आणि तिच्या हट्टाचं. देवाचं नाव घेणाऱ्यानं हट्ट करू नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर अगदी पुढं येऊन बसावं.

लोहारा तालुक्यातल्या एका गावात कडूबाई राहते. अंगानं किडकिडीत, पण गळा असा की पहिला सूर लागला की मांडवातली कुजबुज आपोआप निवते. गावात हरभऱ्याच्या काढणीच्या दिवसांत सप्ताह बसतो. त्यातली सहाव्या दिवसाची संध्याकाळ कैक वर्षं कडूबाईची. बाया शेतातून येतात, हातपाय धुतात, भाकरी थापून झाकून ठेवतात आणि पदराला हात पुसत मांडवात टेकतात. त्यांना पाहिलं की कडूबाईला वाटायचं, देव इथंच कुठंतरी बसलाय, बहुतेक मागच्या रांगेत.

यंदा ती संध्याकाळ गेली.

सप्ताह समितीचे अध्यक्ष हिंमतराव. त्यांचा पुतण्या रणधीर यानं सप्ताहाची वेबसाइट काढली होती. प्रत्येक कीर्तनकाराला एक पान, त्या पानावर त्याची कीर्तनं. बैठकीत रणधीरनं फोन फिरवला. लातूरकडच्या एका मोठ्या महाराजांच्या पानावर लाखावर हिट्स. कडूबाईच्या पानाची पाळी आली तेव्हा त्यानं फोन हळूच पालथा ठेवला. पोरगा वाईट नव्हता, त्याला लाज वाटली.

"सहावी संध्याकाळ महाराजांना द्यावी म्हणतो," हिंमतराव म्हणाले. "कडूबाई, तुमी दुपारी करा. कीर्तन ते कीर्तनच."

"दुपारी समदं गाव हरभऱ्यात असतंय. ऐकणार कोण, मांडवाचे खांब?"

"आता आकडाच तसा हाय, त्याला म्या काय करू?"

कडूबाई घरी आली ती डोळे पुसतच. तिच्या भजनी मंडळातली प्रेमाबाई मात्र गप्प बसणारी नव्हती. "पान उघडलं की आकडा वाढतोय न्हवं? मग उघडू की. कुणाच्या बापाची भीती हाय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या मंडळानं पोरा-नातवांचे फोन मागून आणले आणि कडूबाईच्या ओसरीवर बैठक मारली. उजव्या हातात तुळशीची माळ, डाव्या हातात फोन. एक मणी सरकला की पान एकदा नव्यानं उघडायचं, तोंडानं नाम चालूच. ऊन कलेपर्यंत माळांवर माळा झाल्या. प्रेमाबाईचा अंगठा बधिर झाला.

"इतकं देवाला बोलावलं असतं तर देव उठून आला असता," ती अंगठा चोळत म्हणाली.

आकडा किती वाढला ते विचारायला कडूबाई पुढच्या सकाळीच एसटीच्या थांब्यावर गेली. तिथं पौर्णिमाचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. तात्याराव गुरुजींची ही लेक. सातबारा काढायचा असो की शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असो, गाव तिच्याकडंच येतं. रणधीरनं साइटचा सगळा अहवाल गावाच्या ग्रुपवर टाकला होता, तो तिनं पडद्यावर उघडला. मग माळांची हकिकत ऐकली आणि टेबलावर डोकं ठेवून हसली.

"मावशी, प्रेमामावशीनं पान शंभरदा उघडलं तर पान शंभरदा पाहिलं गेलं, एवढंच. त्याला पेज व्ह्यू म्हणत्यात. व्हिजिटर म्हंजे आलेलं माणूस. ते एकच."

"प्रेमा एकच हाय ते बरंच हाय," कडूबाई म्हणाली. "आन् हिट म्हंजे?"

"पान उघडताना त्यातला एकेक फोटो, एकेक तुकडा वेगळा मागवला जातो. प्रत्येक मागणीचा एक हिट. महाराजांच्या पानावर फोटोच फोटो हैत. एक माणूस आला तरी हिट ढीगभर पडत्यात."

कडूबाईनं डोळे बारीक केले. "म्हंजे मांडवात माणूस आलं एक, आन् ह्यांनी त्याची टोपी, उपरणं, जोडे समदं येगळं मोजलं."

"व्हय, तसंच."

"आन् हे काय लिवलंय?"

"बाउन्स. म्हंजे आले, डोकावले, तसेच माघारी गेले."

"ती जात मला ठावं हाय. जोडे न काढता मांडवाच्या तोंडाशी उभी राहत्यात."

"काही तर माणसंबी नसत्यात, मावशी. बॉट म्हणत्यात. यंत्रच पानं उघडत हिंडतंय."

"ऐकतं का?"

"न्हाय. नुसतं हिंडतंय."

"बिचारं," कडूबाई मनापासून म्हणाली. आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजे त्यो आकडा खोटाच की गं."

पौर्णिमानं खुर्ची तिच्याकडं वळवली. "खोटा न्हाय, फुगलेला हाय. त्यातली हवा काढली, नुसती माणसं धरली, तरी महाराज तुमच्या लई पुढं हैत. त्यांच्या पानावर लोक थांबूनबी ऐकत्यात. मी तुमाला गोड बोलून घरी धाडणार न्हाय."

चहा आला. कडूबाईनं तो निवू दिला. पडद्यावरच्या रेघा वर चढत होत्या, खाली उतरत होत्या. तिची रेघ तळाशी मुंगीसारखी चालली होती. आपण कमी आहोत, हे तिला आता कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या डोळ्यांनी कळलं होतं. मग तिनं विचारलं, "ह्याच्यात आपल्या गावच्या बाया कुठं दिसत्यात? शेतातून येऊन बसत्यात त्या?"

"कुठंच न्हाय. फोन हाय त्यो नवऱ्याच्या न्हायतर पोराच्या खिशात. त्या ह्या ट्रॅफिकमधी, म्हंजे पानावरच्या वर्दळीत, येतच न्हाईत."

"बरं," म्हणून कडूबाईनं गार चहा एका घोटात संपवला आणि उठली.

त्याच संध्याकाळी समितीच्या बैठकीत रणधीर आधीच तक्रार घेऊन उभा होता. "कुणीतरी कडूआत्याच्या पानाशी खेळ केलाय. एकाच दुपारी व्ह्यू भसाभस चढले, व्हिजिटर मात्र मोजून आठ-दहा."

"आमीच केला," दारातून आत येत कडूबाई म्हणाली. "माळ घेऊन केला. चुकलं आमचं. व्ह्यू आन् व्हिजिटर येगळं असतंय, हे काल ठावं नव्हतं."

लोक हसले. ती हसू ओसरेपर्यंत उभी राहिली.

"हिंमतराव, माझ्या पानावर माणसं कमी येत्यात. हिट सोडा, खरी माणसं धरली तरी कमीच. मला आता समजतंय. समजत नव्हतं तवर मी रडत होते, आता भांडायला आलेय. तुमच्या आकड्यात जगातली माणसं हैत आन् ह्या गावातल्या बाया न्हाईत. सप्ता कुणाचा हाय?"

"अहो, त्या ऑफलाइन हैत, आत्या," रणधीर चाचरत म्हणाला.

"असू दे की. देवबी तसलाच हाय."

हिंमतरावांनी घसा खाकरला. "पत्रिका छापायला गेली. दुपार घ्या, न्हायतर सोडा."

"दुपार सोडली. महाराज थोर हैत, मांडवात त्यांनीच उभं राहावं. पण सहाव्या दिवसाची सांज मी सोडली न्हाय. प्रेमाच्या खळ्यावर करीन."

"माइक मिळायचा न्हाय."

"मागितला कुणी?"

सहाव्या दिवशी मांडव तुडुंब भरला. खोटं कशाला सांगू, महाराजांचं कीर्तन रसाळच होतं. आणि इकडं खळ्यावर पोती अंथरून बाया बसल्या, काही अंगावरच्या हरभऱ्याच्या भुसासकट. मांडवातल्या कर्ण्याचा आवाज वाऱ्यासंगं यायचा, तेव्हा कडूबाई थांबायची. तो ओसरला की तिचा सूर वर यायचा. टाळ कमी, पण एकीनंही ताल सोडला नाही. हिंमतरावांच्या पत्नी म्हाळसाबाई सगळ्यांच्या पुढं मांडी घालून बसल्या होत्या.

मध्यंतराला प्रेमाबाई बुक्क्याची वाटी घेऊन फिरली. कडेला पालथ्या बादलीवर पौर्णिमा बसली होती. ती हळूच म्हणाली, "मी लावून घेत न्हाय, मावशी. ऐकायला आलेय."

"कपाळ तुझं हाय, बाय. कान दिलास म्हंजे झालं."

इतक्यात हिंमतराव तरातरा आले. "म्हाळसा, ऊठ. महाराजांचं कीर्तन उरकत आलंय, ताटं वाढायचीत."

म्हाळसाबाईंनी मान वळवली, बूड हलवलं नाही. "बुक्का लागलाय. आरतीबिगर उठता येत न्हाय."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. वरण चुलीवर हाय, रणधीरला हात हैत."

बाया पदरात तोंड लपवू लागल्या. हिंमतराव काही बोलणार, तेवढ्यात वाटी घेतलेली प्रेमाबाई त्यांच्यापुढं आली, आणि दुसऱ्या कुणाला लावावा तितक्या सहज तिनं त्यांच्या कपाळाला बुक्का लावला. आता पुसावा तरी पंचाईत आणि तसंच माघारी जावं तरी पंचाईत.

कडूबाईनं चिपळ्या खाली घेतल्या. "हिंमतराव, बसायचं असंल तर जागा हाय. म्हाळसाबाईला न्यायचं असंल तर आरती झाल्यावर न्या. मधी मी कुणाला उठू देणार न्हाय."

हिंमतरावांनी मांडवाकडं एकदा पाहिलं. मग जोडे काढले, पोत्याच्या अगदी काठावर टेकले, आणि उत्तररंग सुरू झाला तसा त्यांचा एक हात मांडीवर ताल धरू लागला. महाराजांना रणधीरनं वाढलं. महाराज आनंदानं जेवले म्हणतात.

त्या संध्याकाळी कडूबाईच्या पानावर एकही व्हिजिटर आला नाही, असं रणधीरनं नंतर अहवाल बघून सांगितलं. खळ्यावरचं कीर्तन कुणी फोनमध्ये धरलंही नव्हतं.

म्हणून तुमच्याकडं एवढंच मागणं. उद्या कुठं कीर्तनाला बसाल, आणि गाणाऱ्या बाईपुढं चारदोनच माणसं दिसतील, तेव्हा उठू नका. टाळी वाजवा, आणि त्या टाळीत आमच्या कडूबाईची आठवण असू द्या.