काटा दहावर आला

मी एक जुनी सॅक आहे. पाठीवर घ्यायची, गडद राखाडी रंगाची, सात खिशांची. जुनी म्हणजे वयाने हं, मित्रांनो. अंगावर म्हणाल तर एक ओरखडा नाही, चिखलाचा एक डाग नाही. मला पाहून कोणीही म्हणेल, काय नशीबवान आहे, किती जपलंय हिला! म्हणू द्या. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे बायका ओळीने मशीनवर बसत. माझे पट्टे शिवणारी बाई ठेंगणी होती आणि जिभेची तिखट होती. शिवण झाली की ती पट्टा भिंतीतल्या खिळ्याला अडकवायची आणि पाय उचलून स्वतःच त्याला लोंबकळायची. माझ्या पट्ट्यांना लोंबकळून झाल्यावर ती शेजारणीला म्हणाली, "ही बघ. ही जग फिरून येईल, तरी उसवायची नाही." मग मला आतून एक पातळ लेप दिला गेला. पाऊस, बर्फ, काहीही असो, माझ्या पोटात थेंब शिरू नये म्हणून. त्या दिवशी मी किती ताठ उभी होते म्हणून सांगू!

दुकानात मला घ्यायला एक भाऊ आणि एक बहीण आली. भावाने आल्या आल्या खिशातून एक आकड्याचा ताणकाटा काढला, मला रिकामीच त्याला टांगलं आणि काट्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "एक किलो चारशे," तो म्हणाला.

दुकानदार म्हणाला, "साहेब, सॅक घेताय की कांदे?"

बहीण खळखळून हसली. "त्याचं काही मनावर घेऊ नका हो. हा वजनमापं तपासायला हिंडतो. दुकानादुकानांत जाऊन लोकांचे तराजू धरतो. घरी मी भात वाढला तरी ताटाकडे संशयाने बघतो."

ती त्याची मोठी बहीण. तो तिला ताई म्हणे, आणि ती त्याला तोळोबा. आईवडील गेल्यापासून ही दोघंच एकमेकांना होती. ताई कापड रंगवायच्या कारखान्यात रंग जुळवायची. कोणी चिंधीएवढा तुकडा आणून दिला की ती तो खिडकीशी धरायची आणि सांगायची, कुठला रंग किती घालायचा ते. तिचा अंदाज कधी चुकत नसे. तिच्या नखांच्या कडा मात्र कायम रंगलेल्या असत, कधी जांभळ्या, कधी शेंदरी.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर जुन्या कॅलेंडरचं एक पान चिकटवलेलं होतं. दूरदेशीच्या डोंगरांत उंचावर एक तळं, निळंशार. ताई त्याच्याकडे बघून नाक मुरडायची. "छापलेला निळा खोटा असतो. खरा निळा कसा आहे ते तिथे जाऊन बघायला हवं. मला तो जुळवता येतो का, बघायचंय."

हौस म्हणून हे ठीक होतं. पण मला विकत घेण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांनी ताईचे डोळे तपासले होते. तिची नजर कडांकडून आत आत मिटत चालली होती. औषध नव्हतं. "दोन वर्षं, फार तर तीन," डॉक्टर म्हणाले होते. "जे पाहायचं असेल ते पाहून घ्या."

म्हणून मी आले. चार महिन्यांचा प्रवास ठरला. बस, रेल्वे, बोट, आणि शेवटचे नऊ दिवस पायी. ती पायवाट वर्षातून तीनच महिने उघडी असते, बाकी सगळा काळ बर्फाखाली. ताईच्या हातात काठी हवी, तिला ओझं झेपणार नाही, म्हणून सगळं सामान एकाच पाठीवर. आणि तोळोबाची प्रकृती पहिल्यापासून तोळामासा. त्याने खूप वाचलं, विचारलं, आकडेमोड केली आणि काळ्या दगडावर रेघ ओढली. दहा किलो. दहाच्या वर एक ग्रॅम नाही.

दर रविवारी सकाळी माझी तालीम होई. ताईने रंगीत कापडाच्या छोट्या थैल्या शिवल्या होत्या. कापडही तिनेच रंगवलेलं. औषधांची निळी, मोज्यांची पिवळी, कागदपत्रांची लाल, भांड्यांची हिरवी. ती एकेक थैली हातात द्यायची, तोळोबा तिचं वजन करून माझ्यात ठेवायचा. मग मला दाराच्या वरच्या आकड्याला टांगायचं. मग पाठीवर घेऊन चार मजले खाली, चार मजले वर. शेजारी कौतुक करत. "तयारी असावी तर अशी!" मलाही खरंच अभिमान वाटायचा. भरलेली असले की मी देखणी दिसते.

पहिल्या वर्षी मी दहा किलो चारशे भरले. चारशे ग्रॅमवर घोडं अडलं. तोळोबाने दोन दात-ब्रश अर्धे कापले. साबणाचे तुकडे केले. वहीची कोरी पानं फाडली. टॉवेल कापून पंचाएवढा केला.

"अरे, चारशे ग्रॅम मी हातात धरीन," ताई म्हणाली.

"नियम म्हणजे नियम, ताई. आज चारशे, उद्या किलो. शेवटी वाटेत बसावं लागेल."

तेवढ्यात पायवाटेचे तीन महिने संपले.

दुसऱ्या वर्षी व्हिसाचे शिक्के मिळाले, तिकिटांची चौकशी झाली. पण तोळोबाला कळलं की झोपायच्या पिशव्या आता शंभर ग्रॅम हलक्या निघाल्यात. मागवल्या. त्या यायला अकरा आठवडे लागले आणि तोवर शिक्क्यांची मुदत संपली. नमनालाच घडाभर तेल, दुसरं काय!

मित्रांनो, एक गोष्ट फक्त मलाच ठाऊक होती. माझी पाठ त्याच्या पाठीला टेकलेली असायची ना. जिना उतरताना ती पाठ घामाने भिजून जाई आणि थरथरे. ओझ्याने नव्हे, कारण रिकामी घेतली तरी थरथरायची. त्याला भीती वाटत होती. परक्या मुलखात, दरीच्या कडेला, ताईचा पाय चुकला तर? ही भीती त्याने कधी बोलून दाखवली नाही. तो बिचारा तिचं वजन करू शकत नव्हता, म्हणून साबणाचं करत राहिला.

नजर जायच्या आधीच ताईने घरात डोळे मिटून चालायची सवय सुरू केली. दारांच्या चौकटींना ती आता खांदे आपटून घेई. कारखान्यात तिने एकदा मोठ्या हंड्यात चुकीचा रंग ओतला आणि शंभर वार कापड वाया गेलं. दुसऱ्या दिवसापासून साहेबांनी तिला घड्या मोजायच्या टेबलावर बसवलं. घरी येऊन ती नखं घासत बसली. त्या दिवशी तर नखं आधीपासूनच स्वच्छ होती.

"तोळोबा," ती म्हणाली, "आता जाऊ या रे. कसंही जाऊ. मला लवकर ने."

"याच वर्षी, ताई. शप्पथ. फक्त दोनशे ग्रॅम राहिलेत."

आणि तिसऱ्या वर्षी खरंच सगळं जमलं. तिकिटं काढली. शिक्के मिळाले. निघायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, मला खोलीच्या मधोमध उभं केलं. खिडक्या उघड्या होत्या, लख्ख ऊन आत आलं होतं. ताई थैल्यांचा ढीग मांडीशी घेऊन बसली.

"लाल दे," तोळोबा म्हणाला. तिने लाल दिली. "पिवळी दे." तिने चाचपून पाहिलं, मोजे हाताला लागले, दिली. "आता निळी."

तिने थैली पुढे केली. हिरवी होती. भांड्यांची.

"निळी, ताई."

तिने ती परत घेतली, डोळ्यांजवळ धरली, खिडकीकडे वळून धरली, जशी ती आयुष्यभर चिंध्या धरत आली होती. मग पुन्हा तीच पुढे केली.

"ही निळीच आहे की रे."

तोळोबाने स्वतः वाकून निळी उचलली. मला आकड्याला टांगलं. काटा हलला, थरथरला आणि थांबला. बरोबर दहा किलो. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"किती झालं?" ताईने विचारलं.

"दहा."

"वा!" ती म्हणाली. मग अगदी हळू आवाजात, "तोळोबा, खोलीत ऊन आहे ना रे?"

"आहे."

"मला पावसाळी वाटतंय."

ते गेले नाहीत. तिकिटं टेबलावर पडून राहिली. उरलीसुरली नजर पुढच्या थंडीपर्यंत टिकली, मग तीही गेली. तोळोबाने मला रिकामं केलं, पुसलं, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधलं आणि माळ्यावर ठेवलं. धूळ लागू नये म्हणून. तिथे मी सहा वर्षं होते. हवा नाही, वापर नाही. माझ्या आतला लेप आधी चिकट झाला आणि मग त्याचे पापुद्रे सुटू लागले. ज्या अंगाने बर्फ झेलायचा, ते अंग जपणुकीतच सडलं. मला ओरडावंसं वाटे, पण सॅकला आवाज कुठला?

गेल्या महिन्यात त्याने मला खाली काढलं. केस पांढरे झाले होते त्याचे. ताई खिडकीशी खुर्चीत बसली होती. कॅलेंडरचं पान अजून भिंतीवर होतं, पण उन्हाने त्यातला निळा उडून राखाडी झाला होता. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"ताई, मी ठरवलंय," तो म्हणाला. "मी एकटा जातो. तळं बघून येतो. तुला सगळं सांगतो."

त्याने मला उघडलं. हात आत घातला आणि बाहेर काढला, तर बोटांना पांढरे चिकट पापुद्रे लागलेले. त्याने ते पुसले. मग सवयीने मला ताणकाट्याला टांगलं.

"एक किलो तीनशे साठ," तो पुटपुटला. "चाळीस ग्रॅम कमी झाली."

ताई हसली. पूर्वीसारखी खळखळून नाही, पण हसली. तिने हात लांब करून मला चाचपलं, पट्टे, खिसे, सगळे सात.

"नको जाऊस, तोळोबा," ती म्हणाली. "तू तिथे जाशील आणि तळ्याचं वजन करून येशील."

तोही हसायला गेला. ते त्याला जमलं नाही. त्याने मला छातीशी धरलं, तोंड माझ्यात खुपसलं आणि तो रडला. मोठ्याने, लहान मुलासारखा. मी पाणी आत येऊ देऊ नये म्हणून जन्मले होते, मित्रांनो. आयुष्यात माझ्यावर पडलेलं पहिलं पाणी ते, आणि तेही मला अडवता आलं नाही. सगळं आत आलं.

आता मी त्याच्या पलंगाखाली असते. माझ्यात जुन्या चादरी आहेत. पट्टे मात्र अजून पक्के आहेत. त्या शिवणाऱ्या बाईचं बोलणं खोटं झालं नाही. उसवले कुठे?

वस्तू जपा, असं माझ्यासारख्या सगळ्या जुन्या वस्तू तुम्हाला सांगत आल्या असतील. मी नाही सांगणार. मला फार जपलं. मला चिखलात टाका, दगडावर आपटा, फाडा, पण बाहेर न्या. आणि तुमच्या घरात कोणी खिडकीशी बसून "आता जाऊ या रे" म्हणत असेल, तर काटा बघत बसू नका. तो अकरावर असला तरी निघा.