गोठ्यातलं दैवत

डिंगोऱ्याच्या ख्रिस्ती मंडळीत हौशीरामांएवढा मूर्तींचा शत्रू दुसरा नव्हता. ते मंडळीचे पंच. कुणा नव्या विश्वासणाऱ्याच्या पोराच्या हातात काळा दोरा दिसला, की ते कात्री घेऊन त्याच्या घरी जात, दोरा कापत आणि चहा पिऊन परत येत.

त्यांच्या घरात भिंतीवर एक साधा क्रूस होता. गोठ्यात मात्र पंखा होता. पंख्याखाली बादशा, त्यांचा शर्यतीचा बैल. त्याला सकाळी दूध-अंडी, संध्याकाळी तेलाची मालिश. घरातली प्रार्थना दोन मिनिटांत उरकायची. बादशापुढं हौशीराम तासभर बसायचे. तिथं हात जोडलेले नसायचे, एवढाच काय तो फरक.

दोन हजार तीन साली पुनरुत्थानाच्या रविवारीच, म्हणजे ईस्टरलाच, शेजारगावच्या यात्रेत बैलगाड्यांची शर्यत आली.

"उपासनेचं काय?" त्यांच्या बायकोनं, प्रयागबाईंनी, विचारलं.

"प्रभू उठलाय, त्याला समदं कळतं. घाटात नंबर गेला तर परत येतो व्हय?"

धाकटा भाऊ गोरख बैलाचा पाय चाचपत बसला होता. "दादा, खूर सुजलाय. आज पळवला तर पाय जाईल त्याचा."

"तुला बैलातलं काय कळतंय?"

"पंधरा वर्सं शेण मीच काढतोय. वाईच कळतंय."

हौशीरामांनी त्याच्या कानफटात दिली. गोरख तेव्हा चाळिशीला आला होता. त्यानं गाल चोळला आणि बैल टेम्पोत चढवला.

घाट म्हणजे चढावरची धावपट्टी. गाड्याला चार बैल जुंपायचे, वर माणूस कुणी नाही. बैलांनी जिवाच्या भीतीनं चढ तोडायचा. ती भीती जुंपायच्या जागी तयार करतात. बादशा हलेना. एकानं त्याची शेपटी दातांनी चावली. दुसऱ्यानं कान पिळला. हौशीरामांनी पराणी, म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी, त्याच्या मांडीत खुपसली. रक्त आलं. त्यांनी त्याच भोकात पुन्हा खुपसली. बादशा पुढच्या गुडघ्यांवर बसला आणि घशातून आवाज काढू लागला.

"हौशीराम भाऊ, उरका राव, तुमची बारी बाद व्हतीय," लाउडस्पीकर म्हणाला.

गोरखनं मध्ये पडून जू सोडायला हात घातला. "दादा, मरंल त्यो."

"बाजूला हो."

"न्हाई व्हनार."

पहिला फटका गोरखच्या खांद्यावर बसला. दुसऱ्यानं कान फाटला. तिसरा चुकवायला त्यानं तोंड वळवलं, आणि खिळा डाव्या डोळ्यात गेला. तो ओरडला तेव्हा लोक मागं सरले. त्यांना वाटलं, बैल उधळला.

जुन्नरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, डोळा गेला. उपासनेच्या पांढऱ्या साडीतच प्रयागबाई तिथं पोचल्या. हौशीराम बाकावर बसले होते, सदऱ्यावर भावाचं रक्त. त्यांनी मान वर केली आणि विचारलं,

"बादशा पुढल्या यात्रेला पळंल का गं?"

प्रयागबाई हळूच त्यांच्याशेजारी बसल्या. "तुमच्या देवाचं बरं चाललंय म्हनायचं."

"देव कसला? बैल हाय त्यो. म्या जल्मात मूर्तीला हात जोडला न्हाई."

"बैल बापडा कधी म्हनला, मला पुजा? तुमी त्याच्या पाठीवर सवताचं नाव बसवलं आन् त्या नावाला पुजताय. त्या नावानं आज बैलाचं रगत घेतलं, भावाचा डोळा घेतला. उद्या माझा जीव मागितला तर तुमी न्हाई म्हनाल का?"

हौशीराम सदऱ्यावरचं रक्त नखानं खरवडू लागले.

"आपल्या प्रभूनं सवताचं रगत दिलं. तुमचा देव दुसऱ्याचं मागतोय. एवढ्यावरनं तरी वळखा."

आतून गोरखनं हाक मारली. हौशीराम खाटेजवळ गेले. पट्टीखालून गोरख म्हणाला, "दादा, जखमी बैल उन्हात नगा ठेवू. कुनी पानी पाजलं का त्याला?"

तेव्हा कुठं हौशीरामांना उमगलं. ज्या बैलासाठी त्यांनी भावाचा डोळा घेतला, त्या बैलाच्या तहानेचा विचार त्यांच्या मनात एकदाही आला नव्हता!

पुढच्या प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटतात त्या उपासनेला, ते मंडळीसमोर उभे राहिले. "मला भाकरीचं ताट देऊ नका. मी मूर्तिपूजक हाय. माझा देव माझ्याच नावाचा व्हता, आन् त्याच्यापायी मी भावाला मारलं. पंचपद बी काढून घ्या."

पंचपद मंडळीच्या पाळकांनी लगेच काढून घेतलं. ताट मात्र गोरख घेऊन आला. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येत नव्हता, म्हणून ते हौशीरामांच्या छातीला लागलं. "घ्या दादा," तो म्हणाला. "मूर्ती सोडून आलेल्या नव्या मानसाला पन देत्यात."

वाचकहो, मनातलं दैवत कुठलंही रूप घेतं: खुर्चीचं, पोराच्या मार्कांचं, खानदानाच्या मानाचं. आपल्यात आणि त्याच्यात कुणी आडवं आलं आणि आपला हात उठला, की समजावं, दैवत जागं झालंय. अशा वेळी आधी हात खाली घ्यावा. प्रार्थना त्यानंतर करावी.